नळीच्या तोंडाची कड

"दाबू नकोस गं, नुसतं फिरव. हत्याराला त्याच्या वजनानं कापू दे." बंदुका दुरुस्तीच्या शिकंज्यापाशी उभे राहून वडील सांगायचे. तो आवाज आता फार लांबचा झाला. वडील टेकडीवर निजले, नारिन नदीचं पाणी वाहत राहिलं, आणि मला उरलं हे मनगट, थंडी पडली की रात्रंदिवस ठणकणारं.

त्या दुपारी कोजोगेल्दी बायके, आमच्या बोलीत थोरले दादा, दार ढकलून आत आले. खांद्यावर रायफल, मागे बायको बुरमाकान, आम्हा सगळ्यांची जेंगे, म्हणजे वहिनी. साऱ्या खोऱ्याला रानबोकडाचं मांस खाऊ घालणारा शिकारी, पण बाकावर असा बसला, जसं कुणी दमल्या घोड्याचं खोगीर उतरवून टाकावं.

"साल्किन, पोरी, बंदुकीला काही झालेलं नाही. माझा डोळाच गेलाय. हिवाळाभर एक गोळी लागली नाही. खाली उतरलो की लोक आडवे येतात, 'शिराल्गा, बायके, शिराल्गा! शिकारीतला आमचा वाटा द्या!' रिकामं खोगीर दिसतं, तरी मागतात."

"डोळा गेला म्हणे! चहात दूध कमी पडलेलं बरं दिसतं," जेंगे म्हणाल्या.

"ते दिसत नाही, जिभेला कळतं. हिनंच आणलं मला. म्हणाली, एकदा दाखवून तरी घ्या."

जेंगे हसल्या नाहीत. मी दिलेली चहाची वाटी ओंजळीत धरून चहात बघत राहिल्या.

मी बंदुकीची नळी शिकंज्यात धरली आणि तोंडावरून तेलाचं फडकं फिरवलं. फडक्यावर चुलीची काजळी आली. काजळीखाली एका बाजूची कड झिजलेली, आणि त्यावर बारीक रेघा, सगळ्या सरळ, सगळ्या एकाच दिशेच्या. बाहेर पडता पडता गोळी या कडेला शेवटची शिवते. कड एकीकडे खाली असली की जळत्या दारूचा धूर तिथून आधी सुटतो आणि गोळीला बाजूला ढकलतो. बायकेंना लांबचा कडा दिसतो, हाताजवळचं दिसत नाही. त्यांना हे कुठून दिसणार?

दगडानं अशा रेघा उठत नाहीत. मी मान वर केली. जेंगे नळीकडेच बघत होत्या; नजर भिडताच त्यांनी वाटी खाली ठेवली.

"दगडावर आपटलीय कुठेतरी," मी म्हणाले.

मग कड कापायचा भोवरा काढला. वडिलांनीच घडवलेला: पुढे नळीत बेतानं बसणारी पितळी कांडी, तिच्या मागे कापणारे दात, वर आडवी मूठ. तेलाचा थेंब सोडला. फिरवलं, थांबले, पुसलं. पुन्हा फिरवलं. मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली. केसाएवढे चुरे गळत राहिले, आणि हळूहळू कडेचं गोल वर्तुळ सगळीकडून सारखं उजळलं. कापसाचा बोळा फिरवून पाहिला. एक धागा अडकला नाही.

घरामागे ओढ्यापलीकडे डब्याचं झाकण टांगलं. बायके बर्फात पालथे पडले, श्वास सोडला, गोळी झाडली. झाकण खणकलं. पुन्हा झाडली, पुन्हा खणकलं.

ते उठले नाहीत. बर्फावर गाल टेकून पडून राहिले. मला वाटलं, हसतील. उठून बसले तेव्हा चेहरा आणखी म्हातारा दिसत होता.

"म्हणजे डोळा शाबूत आहे. हातच बेअक्कल झाला. बंदूक दगडावर आपटतो आणि आपटल्याचं कळतसुद्धा नाही, असल्या माणसानं डोंगरात काय जायचं? ठेव ही तुझ्याकडेच, साल्किन. कुणा शहाण्याला दे."

रायफल त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि घोड्याकडे चालू लागले, पाय ओढत. जेंगेंनी लगाम आणून त्यांच्या हाती द्यायला हवा होता. जेंगेंना नवऱ्याला घरी बसवायचं होतं ना, ते आता बसणार होते. एवढं गप्प राहिलं की झालं.

जेंगे जागच्या हलल्या नाहीत.

"अहो, थांबा."

ते थांबले.

"दगड नव्हता. कानस होती. मी घासली, वरून काजळी चोपडली. मागच्या हिवाळ्यात तुम्हाला घोड्यावर आडवं टाकून आणलं, दारात पोत्यासारखं उतरवलं. हात धरला तर थंडीनं गोठून लाकूड. मला वाटलं, गेलात. पुन्हा तसं बघायची ताकद माझ्यात नाही हो. पण डोळा गेला म्हणत तुम्ही खचत चाललात, तेही बघवेना, म्हणून इथे आणलं."