बांधाखालची वाळू

तिफेन गढीवर आली तेव्हा तेरा वर्षांची होती. मी मुदपाकखान्यात होते, तिला पहिलं ताट मीच वाढलं. काळ्या पिठाची घावनं आणि ताक. खाता खाता तिनं विचारलं, "मावशी, शिलेदार व्हायला किती वर्षं लागतात?"

"मुलग्यांना पाच," मी म्हटलं. "मुलींची कुणी मोजली नाहीत."

आदल्या वसंतात तिची थोरली बहीण नोल्वेन गेली होती. वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीला समुद्रातली माणसं करड्या घोड्यांवरून बांधापर्यंत येतात. त्यांच्यातल्या कुणी घोड्यावरून बांध ओलांडला, तर मागोमाग समुद्र आत शिरतो आणि गावंच्या गावं बुडतात. म्हणून तर आमचे शिलेदार. त्या दिवशी बांधाखालच्या वाळूवर त्यांच्याखेरीज कुणी उतरायचं नाही. नोल्वेन शिंपले वेचायला उतरली, आणि एका करड्या घोड्यावर आपण होऊन चढून बसली.

तिफेनला त्या वाळूवर जायचं होतं. बाकी कशाची तिला हौस नव्हती.

तिनं घोड्यांची लीद काढली, वाळूनं चिलखतं घासली, भाल्याच्या सरावात दोनदा खांदा निखळवून घेतला. पोरं चिडवायची, "ए तिफेन, लग्नात पण चिलखतच घालणार का गं?" ती म्हणायची, "घालीन. तू येऊ नकोस म्हणजे झालं."

दर वसंतात ती उमेदवारांबरोबर बांधावर उभी राही आणि लांबवरच्या करड्या ठिपक्यांकडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघत राही. त्यातला बहिणीचा ठिपका कोणता, ते कधी कळलं नाही. त्या दिवशी ती जेवायची नाही.

पाच वर्षं झाली. बरोबरीची पोरं शिलेदार झाली. तिला मात्र लंगडे सरदार रिवालेन म्हणाले, "पुढच्या वर्षी." त्यानंतरही "पुढच्या वर्षी"च.

"माझ्यात कमी काय आहे, सरदार?" शेवटी तिनं विचारलंच.

"हातात काही कमी नाही, पोरी. पण तुला बांध नकोय, बहीण हवीय. अशा माणसाला मी खाली कसा सोडू?"

ती भाला उचलून सरावाला परत गेली.

त्या शरदात वादळानं दक्षिणेचा बांध फोडला. खिंडारात छातीभर पाण्यात तिफेन उभी राहिली आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत वाळूची गोणीमागून गोणी रचत राहिली. तिला बाहेर काढलं तेव्हा बोटं सरळ होत नव्हती. रिवालेन तिथेच, चिखलात, कसेबसे गुडघ्यावर बसले. तिच्या खांद्यावर तलवारीचं पातं आडवं टेकवून म्हणाले, "आता ऊठ, शिलेदार."

वसंतात ती वाळूवर उतरली. तिथं काय घडलं, ते तिनं मला एकदाच सांगितलं.

घोडे आले. एक सरळ तिच्यासमोर येऊन थांबला. वर नोल्वेन होती.

"अगं बाई! तिफू? केवढे दंड झालेत तुझे!"

"तुझ्यामुळेच झालेत," तिफेन म्हणाली.

"आई कशी आहे?"

"वाट बघतेय."

"मग सोड की मला. बघून येते नि लगेच परत जाते."

"घोड्यावरून नाही, ताई. उतर. चालत जाऊ दोघी."

"उतरले तर परत चढता येत नाही गं." नोल्वेननं पाण्याकडे पाहिलं. "तुला नाही कळायचं तिथं काय आहे ते. तूच चल ना. ये, बस मागे."

तिफेन मला म्हणाली, "मावशी, त्या घोड्याच्या पाठीवर माझ्यापुरती जागा होती." सात वर्षं जिची स्वप्नं पाहिली, ती हातभर अंतरावर होती, आणि तिफेननं हातातला भाला आडवा धरला होता.

"उतर ना गं," ती पुन्हा म्हणाली.

नोल्वेननं एक पाय रिकिबीतून काढला. काढून तशीच बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग समुद्रात शिंग वाजलं, घोड्यानं मान वळवली, आणि नोल्वेननं पाय परत आत घातला.

ओहोटी लागल्यावर तिफेन घोडा काढून सरळ घरी गेली. आई चुलीशी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. तव्यावरचं घावन करपलं तेव्हा तिनं ते काढलं, दुसरं घातलं.

मग विचारलं, "अंगानं बरी दिसत होती का?"

"बरी होती."

"आणि केस? केस विंचरलेले होते का गं तिचे?"

तिफेनला आठवेना. डोळे आठवत होते, तो पाय आठवत होता, केस काही केल्या आठवेनात.

"हो, आई," ती म्हणाली. "घट्ट वेणी होती."

आईनं मान हलवली आणि तिच्यासमोर ताट ठेवलं.