मेंढरांची खाजगी माहिती

सरकारी लिफाफा फोडून सत्यशीलानं आतले कागद बाजेवर पसरले, तर निम्मी पानं काळीकुट्ट!

"हे काय गं?" पंचफुलाबाईनं डोळे बारीक केले. "कागद दिला का तव्याचं बूड छापून धाडलं?"

"नावं झाकली, मामी. कोणाकोणाच्या मेंढरांना लस टोचली, ते इचारलं होतं ना आपण माहितीच्या अधिकारात? तारीख दिली, आकडा दिला, अन् मालकांच्या नावावर शाई फासली. म्हणे, पशुपालकांची खाजगी माहिती हाय."

"मेंढराला सुई टोचली त्यात खाजगी काय? मेंढरू काय पडद्यात बसतं?"

सासूची जीभ अशीच. शिरड शहापूरच्या अलीकडल्या त्या धनगरवस्तीत तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. पण आज त्या तिखट बोलण्याखाली भीती होती. आखाडा बाळापूरच्या बाजारातून बुळकांडीची खबर आली होती. मेंढराचं नाक वाहतं, हगवण लागते आणि बघता बघता कळप आडवा होतो. पंचफुलाबाईच्या निम्म्या मेंढ्या गाभण होत्या. पोरगा शिवहार लस मागायला जनावरांच्या दवाखान्यात गेला, तर तिथल्या साहेबानं त्याला वाटेला लावलं. "तुमच्या वस्तीची लस पौषातच झाली. कागदावर आहे. पुन्हा मिळणार नाही!"

आणि खरं म्हणाल तर वस्तीतल्या एकाही मेंढराला सुई लागलेली नव्हती.

"ह्याच्यावर अपील करता येतं," सत्यशीला म्हणाली. "त्याच खात्याच्या वरच्या साहेबाकडं. तीस दिवसांच्या आत करावं लागतं. नावं उघडी झाली की लस झालीच न्हाई, हे शाबित करता येईल."

पंचफुलाबाईनं कागद गोळा करून सुनेच्या हातात कोंबले. "अपील-बिपील काही न्हाई. ठेव ते आत."

"काहून, मामी?"

"म्या म्हणते म्हणून!"

कारण तिच्या पोटात होतं. भावाचा पोरगा प्रभू त्याच दवाखान्यात कंत्राटावर होता. लसीची पेटी घेऊन गावोगाव तोच फिरायचा. काळ्या शाईखालून काय निघेल, हे तिला न सांगता कळलं होतं. बाईनं माहेरचं माणूस पंचापुढं ओढायचं नसतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

दिवस जात राहिले. रोज सकाळी ती एकेका मेंढीचं नाक चाचपायची. कोरडं लागलं की जीव भांड्यात पडायचा. मग एक दिवस वस्तीच्या टोकाला शालूबाईचा आक्रोश ऐकू आला. तिच्या मेंढ्या उठेनाशा झाल्या होत्या.

त्याच दुपारी प्रभू आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि हळूच म्हणाला, "आत्या, वहिनीला जरा समजावून सांगा. झाकलेलं झाकूनच राहू द्या. त्यात तुमचीच इज्जत हाय."

"माझी? परभ्या, लस टोचली होती का न्हाई, तेवढं सांग."

प्रभूनं कप खाली ठेवला. "तुमी सगळे मेंढरं घेऊन परमुलखात. आमी काय करावं? वरून टारगेट आलेलं. साहेब म्हणले, लिहून टाक."

"मग तसंच वरच्या साहेबापुढं लिहून देतो का?"

"आत्या! कामावरून काढतील मला!"

तो निघून गेला. पंचफुलाबाई दावणीपाशी बसून राहिली. सत्यशीला येऊन शेजारी टेकली.

"मामी, एक इचारू? कानाची खूण झाकून कोणी बाजारात मेंढरू इकायला उभा राहिला, तर तुमी घ्याल का?"

"मी? त्याची गचांडी धरीन! खूण झाकली म्हंजे माल चोरीचा."

"मग कागदावरची खूण झाकली, तिथं काहून गप बसता?"

पंचफुलाबाईनं पुढ्यातल्या मेंढीचं नाक चाचपलं.

"अन् ही शाई प्रभूभाऊजीला वाचवते, असं वाटतं तुमाला? शाई वाचवते लिहायला लावणाराला. उद्या बोभाटा झाला की तो साहेब हात झटकून मोकळा होईल आणि तुमचा भाचा एकटाच बुडेल. आता उघडं पडलं तर दोघं सापडतील. मामी, उद्या मुदतीचा शेवटचा दिवस हाय. मेंढरं मेली की मग कोणासाठी अपील करायचं?"

पंचफुलाबाई गुडघ्यावर हात रेटून उठली.

"लिही. अर्जावर पहिला अंगठा माझा!"

अर्ज गेला. वरच्या साहेबानं सुनावणीची तारीख जवळची दिली.

सुनावणीच्या दिवशी वरच्या साहेबानं चष्म्यावरून बघितलं. शेजारी दवाखान्याचा साहेब बसला होता. भिंतीला टेकून प्रभू उभा होता.

"बाई, तिसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती आम्ही तुम्हाला कशी देणार?"

"तिसऱ्या व्यक्तीनंच सांगितलं, की द्या, तर?" सत्यशीलानं विचारलं.

"तर विचार करता येईल. पण इतक्या लोकांना विचारत कोण बसणार?"

पंचफुलाबाईनं दार उघडलं. "या रे आत! साहेबाला तिसरी व्यक्ती बघायची हाय!"

आणि अख्खी वस्ती आत शिरली! घोंगडी, काठ्या, कडेवर लेकरं.

"मी मुंजाजी. माझं नाव उघडा!"

"मी भिकाबाई. माझं बी! माझं नाव झाका, असं म्या कोणाला सांगितलं?"

"मी शालूबाई..."

सत्यशीलानं सगळ्यांची लेखी संमती टेबलावर ठेवली. साहेबानं दवाखान्याच्या साहेबाकडं बघितलं, त्यानं खिडकीकडं. शेवटी मूळ कागद मागवून साहेबानं नावं मोठ्यानं वाचायला घेतली. मुंजाजी होता, भिकाबाई होती, शालूबाई होती, खुद्द पंचफुलाबाईही होती.

"पौषात?" भिकाबाई उसळली. "पौषात आमी समदे पैनगंगेपल्याड! लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून राहिलो होतो. वस्तीत कुत्रं बी नव्हतं. सुई कोणाला टोचली, बोरीच्या झाडाला?"

कोणी हसलं नाही. पंचफुलाबाई भाच्याकडं बघत होती. डोळे वटारून नाही, नुसती बघत होती.

"मी लिहिली ती नावं," प्रभूचा आवाज फुटला. "मला लिहायला लावली. लावणारे हे बसलेत."

वरच्या साहेबानं नावं उघडी करून देण्याचा हुकूम काढला आणि चौकशी लावली. आठवड्यात लसीची पेटी वस्तीवर आली. शालूबाईचा कळप तेवढा गेला तो गेला. प्रभूचं काम सुटलं, पण त्याच्या साहेबालाही घरी बसावं लागलं. पंचफुलाबाईच्या भावानं मात्र बोलणं टाकलं. त्या नागपंचमीला तिला न्यायला माहेराहून कोणी आलं नाही.

"वाईट वाटतं का, मामी?" सुनेनं विचारलं.

"वाटतं तर! दगड हाय का मी? पण मी माहेरची भीड धरून गप बसले, त्या दिवसांत शालूची मेंढरं मेली. त्याचं जास्त वाटतं."

बायांनो, दादांनो, सरकारचा कागद काही साहेबाच्या घरचा नसतो. तुमच्या-आमच्याच नावानं तो लिहिलेला असतो. कोणाची लाज राखायला खरंच झाकावं लागतं, ते जरूर झाकावं. पण उत्तरात काळी रेघ दिसली की नशीब म्हणून घडी घालू नका. मुदतीच्या आत अपील करा आणि उभं राहून विचारा, "साहेब, ही शाई आमाला झाकायला फासली, का तुमाला?"