नववा हात

मला नगरसेविका म्हणू नका. म्हणजे म्हणा, कागदावर हायच मी, पण कुणी तशी हाक मारली की मी मागं वळून बघते, ह्यो कुणाला बोलतोय म्हणून. मी केशरबाई. वीस वर्सं ऊस तोडला, नवरा गेल्यावर बी तोडला, आन् गुडघे गेले तवा गावात ऱ्हायले. दोन हजार पंधरा सालची गोष्ट सांगते. सांगते खरं, पण त्यात कोण कुणाच्या बाजूनं होतं ते इचारू नका. मला आजूक सुधरंना.

पाटोद्याच्या बाजूचं आमचं गाव. दुष्काळाचं तिसरं वर्स होतं. हापसे कोरडे, तलावात पोरं क्रिकेट खेळायची. परळीचं थर्मल सुदीक पाणी न्हाई म्हणून बंद पडलतं, तिथं आमच्या वस्तीला कोण इचारतंय? वस्ती गावाच्या पार कडंला, माळावर, समदी ऊसतोडीला जाणारी माणसं. टँकर यायचा, पण आर्धाच भरून यायचा. ड्रायव्हर कुणाला तरी गाठून भरलेल्या टँकरची सही घ्यायचा आन् चालला. एक दिवस मी टँकरच्या म्होरं आडवी बसले. म्हणलं, घाल अंगावर. त्या आडवं बसण्यावर वस्तीनं मला निवडणुकीला उभं केलं. आपक्ष, निशाणी कपबशी. आन् निवडून आले की हो!

पहिलं काम म्हणजे टँकरवाल्या सटव्याला दम दिला. "हे बघ सटव्या, आधी मी शिडीवर चढणार, झाकण काढून बघणार, मंग सही करणार, आन् मंग तू पाइप सोडणार. सहीच्या आधी थेंब पडला तर तंगडं मोडीन. आन् सही माझीच. माझ्या पोराची न्हाई, शेजारणीची न्हाई."

सटवा गरीब माणूस. "बरं काकू," म्हणला. आन् तवापासून रोज दुपारी भरलेला टँकर यायला लागला. गुडघे कुरकुरायचे, पण मी शिडी चढायची. ती सही शिकायला मला महिना लागलता. कधी नव्हं ती आपली बी एक जरब हाय असं वाटायला लागलं.

मला ह्यो टँकर का पाहिजे होता ते सांगते. माझा पोरगा शहादेव ऊसतोडीच्या टोळीत जाणार होता. टोळीत एकट्याला कोण घेत न्हाई. नवराबायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतोय. पण सून मुक्ता पोटुशी, आठवा लागलेला. शहादेव माझ्या पोटातून उसाच्या फडातच झाला, पाचट अंथरून. नाळ कोयत्यानं कापली. सहाव्या दिवशी मी परत मोळी उचलली. ते मी कुणाला सांगत बसत न्हाई, पण मुक्ताच्या बाबतीत म्या ठरवलतं, हे पोरगं फडात न्हाई, दवाखान्यात होणार. तालुक्याला नाव बी घातलतं तिचं. शहादेवनं चुलतभावासंगं कोयता लावला. तवा एकच म्हणला, "आई, टँकर रोज आला तर मुक्ताला ठेवतो. न्हाई आला तर संगं नेतो. दीड कोसावरनं घागर आणायला लावू का तिला?" घरात तिसरी कोण, तर माझी सासू दगडाबाई, ऐंशीची. ती पाणी आणणार व्हय?

म्हणलं, "जा तू. टँकर येणार. मी हाय ना."

टोळी निघायला आठ दिवस राहिले आन् अध्यक्षाची निवड लागली.

सतरा नगरसेवक. आठ सुंदररावांचे, आठ मोहनरावांचे. सुंदरराव साखर कारखान्याचे चेअरमन, मोहनराव दूध संघाचे. दोघं सख्खे चुलतभाऊ, एकमेकाचं तोंड बघत न्हाईत असं आमी धा वर्सं ऐकत आलो. निवड हात वर करून. ज्याच्याकडं नऊ हात, त्याचा अध्यक्ष. आन् नववा हात कुणाचा? ह्यो, माझा. ऊस तोडून तोडून वाकडा झालेला.

आधी मोहनराव आले. जिपा, माणसं, बिस्किटाचे पुडे. मी म्हणलं, मला काय नगं, वस्तीला नळ पाहिजे. म्हणले, "केशरकाकू, निवड झाली की आठ दिवसांत नळ." दुसऱ्या दिवशी सुंदरराव आले. मी तेच म्हणलं. ते बी म्हणले, "केशरकाकू, निवड झाली की आठ दिवसांत नळ." शब्दाला शब्द तोच! मी म्हतारीला इचारलं, आता काय करावं? म्हतारी म्हणली, "ज्याच्याकडं हीर हाय त्याच्याकडं जा." कारखान्याची हीर मोठी, म्हणून मी सुंदररावांना व्हय म्हणलं. माझं राजकारण एवढंच. ह्याच्यापेक्षा जास्त डोकं चाललं असलं तर शप्पथ.

त्याच दिवशी संध्याकाळी सुंदररावांचा खास माणूस बंकट गाडी घेऊन हजर. "चला काकू, सहलीला. दोन दिस."

ही सहल आमच्याकडं समद्यांना ठावं हाय. मतं फुटू नयेत म्हणून माणसं उचलून लांब न्ह्यायची आन् मतदानाच्या दिवशीच आणून सोडायची. सोसायटीला करतेत, दूध संघाला करतेत, बँकेला करतेत. मी म्हणलं, दोन दिस ना? मुक्ताला म्हणलं, "टाकी भरलेली हाय, दोन दिस निघतील. आले मी." तिनं माझी पिशवी भरली, त्यात गुडघ्याचं तेल टाकलं.

दोन दिसाचे पाच झाले.

बशीत चढल्याबरोबर बंकटनं समद्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले. मी म्हणलं, "बंकट, माझी सून आवघडलेली हाय." म्हणला, "काकू, सून सुखरूप हाय, निवड झाली की बोला." आन् बस चालली ती चालली. थेट समुद्र! जन्मात पहिल्यांदा बघितला. एवढं पाणी, आन् पिता येत न्हाई. मी बंकटला इचारलं, मंग करतेत काय ह्याचं? तो हासला.

हॉटेलात मला आन् वच्छलाबाईला एक खोली. वच्छलाबाई सुंदररावांच्या आठांतली, माहेरची मोठी, चांगली बाई. न्हाणीत तोटी फिरवली की गरम पाणी. मी तोटी सोडली, बंद केली, परत सोडली. वच्छलाबाई म्हणली, "काय करता काकू?" म्हणलं, "बघते, संपतंय का." खाली आंगणात निळ्या पाण्याचा हौद. त्यात कुणी कपडे धूत न्हाई, कुणी घागर बुडवत न्हाई, नुसतं उतरायचं आन् वर यायचं. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मी दोनदा आंघोळ केली. दुसऱ्या आंघोळीला रडायला आलं.

तिसऱ्या दिवसापासून माझं डोकं फिरायला लागलं. आमच्यातला एक जण रोज जेवताना मोहनरावांना शिव्या द्यायचा, लई शिव्या, वच्छलाबाई कानावर पदर घ्यायची. त्याच दिवशी मी त्याला हॉटेलाच्या मागं कुणाच्या तरी फोनवर बोलताना बघितलं. "व्हय मोहनदादा, व्हय दादा," चाललं होतं. मी बंकटला जाऊन सांगितलं. बंकट म्हणला, "माहीत हाय काकू." माहीत हाय? मंग आमाला इथं डांबून कावून ठेवलंय रे?

चौथ्या दिवशी जेवायला बसले, तर समोर राधाकिशन. राधाकिशन म्हणजे मोहनरावांचा अध्यक्षपदाचा उमेदवार! ज्याला पाडायला आमी समुद्राला आलतो, तो आमच्या टेबलावर बसून सोलकढी पितोय आन् वरनं मलाच म्हणतोय, "काकू, तब्येत बरी ना?" मी ताटावरनं उठले. बंकटचं बखोट धरलं. "ह्यो आपला का त्यांचा?"

"काकू, राजकारण हाय. तुमी जेवा."

"आरं पण मी हात कधी वर करायचा? कुणाचं नाव घेतल्यावर?"

"सुंदरराव सांगतील."

रातीला पडून मी त्याचाच इचार केला. सुंदररावांचा आठ दिवसांतला नळ खरा का मोहनरावांचा? का दोन्ही नळ एकच? वच्छलाबाई घोरत होती. तिला कधीच काय सुधरत न्हाई असं नव्हतं, तिनं सुधरून घ्यायचंच सोडून दिलतं.

त्याच राती दोन वाजता आमाला उठवलं आन् बस परत निघाली. पाचव्या दिवशी सकाळी करमाळ्याच्या पुढं एका अरुंद पुलावर गाड्या आडकल्या. एक गाडी इकडची, एक गाडी तिकडची, असं चाललं होतं. समोरनं ऊसतोड्यांचे ट्रक. मी काचंचा पडदा सारला. ट्रकमधी भांडी, पत्रे, शेरडं, लेकरं, बाया दाटीवाटीनं. नंबर बघितला तर आमच्याकडचाच. माझा जीव लई भरून आला. वीस वर्सं मी तशीच बसून गेलते, आन् आज गार बशीत. मी वच्छलाबाईला म्हणलं, "आमच्याकडची हायती!" आन् हात वर करून हालवला. ट्रकमधनं बी एका बाईनं हात हालवला. डोक्यावरनं पदर ओढलेला, तोंड काय दिसलं न्हाई. मंग बस सुटली.

दुपारी थेट नगरपंचायतीत. मी पदर नीट केला, हात तयार ठेवला. निवडणुकीच्या साहेबांनी कागद वाचला, "एकच अर्ज राहिल्यामुळं श्री. राधाकिशन यांची बिनविरोध निवड." टाळ्या. गुलाल. सुंदरराव आन् मोहनराव एकमेकाच्या गळ्यात. मागनं कुणीतरी सांगितलं, कारखान्याची निवडणूक बी बिनविरोध झाली, मोहनरावांनी तिकडचे अर्ज काढून घेतले, सुंदररावांनी इकडचा. म्हणजे भांडण होतं का नव्हतं? आन् नळ? मी गर्दीतनं सुंदररावांपाशी गेले. माझ्या कपाळाला गुलाल लावून म्हणले, "काकू, आता अध्यक्षांना भेटा." राधाकिशन म्हणला, "काकू, बघू की, सुंदररावांना इचारून."

बंकटनं फोन हातात दिला. फोन मेलेला. मी तशीच चालत वस्तीवर गेले.

वस्ती चिडीचूप. घराघराला कुलपं. माझ्या दारात म्हतारी बसलेली, शेजारी उपडी घागर.

"मुक्ता कुठं?"

म्हतारीनं वर बघितलं. "गेली की. शहादेव घेऊन गेला. आज पहाटंच्या ट्रकनं."

"कावून? टँकर येत होता की!"

"आला की. रोज आला. रोज हॉर्न वाजवला. सटव्या म्हणायचा, काकूची सही लागती. आमी समदी पाया पडलो त्याच्या. मुक्ता म्हणली, मी करते सही. तो म्हणला, काकूनं तंगडं मोडीन म्हणून सांगितलंय. तासभर थांबायचा आन् माघारी जायचा. शहादेव दिसभर टोळीच्या तयारीत भाईर, मंग मुक्ता घागर घेऊन गेली तळ्याच्या हिरीवर. दोनदा गेली. दुसऱ्यांदा वाटंतच बसली पोटाला धरून. शहादेव म्हणला, आता हितं न्हाई ठेवत."

मी तिथंच खाली बसले. कुणावर वरडावं? सुंदररावांवर? बंकटवर? पाच दिस मी पाण्यासाठी पाण्याच्या कडंला बसले होते, आन् इकडं माझ्याच दाराहून भरलेला टँकर माघारी जात होता, माझ्याच शब्दानं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. सटवा. नेहमीच्या वक्ताला. मला बघून त्याचं तोंड उजळलं. उतरला, रजिस्टर घेऊन पळत आला. "आलात काकू! बरं झालं बाई. चढता का शिडी?"

मी उठून त्याची कॉलर धरली. "भाड्या, कावून सोडलं न्हाईस रे पाणी? कावून?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, तुमीच म्हणला होताव. तुमच्या शब्दाच्या भाईर मी गेलो का कधी? दुसऱ्या वार्डात कुणाचं बी पोरगं सही करतंय, तिकडं आर्धाच नेतो मी, खोटं कशाला बोलू. हितं तेवढं इमानानं केलं."

मी कॉलर सोडली.

शेजारची छबुबाई तेवढी वस्तीवर राहिलती. ती फोन घेऊन आली. "केशर, तुझी सून बोलती. ट्रक पोचला म्हणती."

मी फोन कानाला लावला. मागं भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

"आत्याबाई, पोचलो बरं का. हितं पाणी हाय, जवळच कालवा हाय. काळजी करू नगा." जरा दम खाऊन म्हणली, "सकाळी पुलावर मी तुमाला बघितलं. हिरव्या लुगड्यावर होताव, बशीत. तुमी हात केलाव. मी बी केला. शहादेव म्हणत होता, आईनं वळखलं नसंल. मी म्हणलं, वळखल्याबिगर कोण हात करतंय? वळखलं ना, आत्याबाई?"

पाच दिसांत माझा हात वर झाला तो तेवढा एकदाच.

"वळखलं की, बाय," मी म्हणलं. "वळखलं म्हणूनच केला."

सटवा रजिस्टर उघडून उभाच होता.