चोवीस टाइल्सचं जहाज

नवरा वॉब्बे जाऊन सव्वीस दिवस झाले, तरी इम्कियेला रडू आलं नव्हतं. हार्लिंगन या डच बंदरातल्या त्या गल्लीने वाट पाहून शेवटी नाद सोडला.

घर विकलं गेलं होतं. नव्या मालकाला चुलीमागच्या भिंतीशी फ्रिज हवा होता आणि त्या भिंतीवर चोवीस टाइल्सचं निळं जहाज होतं. संग्रहालयाने घेतलं तर ते अख्खं जाणार होतं, खाली वॉब्बेच्या नावाची पाटी लागून. एवढ्या दिवसांत इम्कियेने कोणाकडे मागितलं ते एवढंच.

जहाज वॉब्बेचे खापरपणजोबा कप्तान चेर्ड यांचं. इथून टाइल्स न्यायचे, डान्झिग बंदरातून धान्य अन् लाकूड आणायचे. चित्रात शिडं पुढे फुगलेली, झेंडा मात्र मागे फडफडणारा. वादळात वारा फिरला तो नेमका हाच क्षण, असं वॉब्बे चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगत आला. ऐकता ऐकता पाहुण्यांची कॉफी गार व्हायची. त्याची नाही; ती इम्किये पुन्हा भरून द्यायची.

संग्रहालयाचे तेर्पस्ट्रा आले. भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"ओन्नेमाबाई, जरा बसता का?"

"मी बसलेलीच आहे," इम्किये म्हणाली.

मग त्यांनी चाचरत सांगितलं. कारखान्यात टोचून भोकं पाडलेला एकच कागद असे. त्यावरून कोळशाची पूड फिरवली की जहाज उमटे. नाव तेवढं गिऱ्हाइकाचं लिहीत. रंगवणारे जन्मात जहाजावर चढलेले नसत. घोडेस्वाराचा झेंडा मागे उडतो, म्हणून त्यांनी जहाजाचाही मागे उडवला. असली चार जहाजं त्यांनी पाहिली होती, त्यांतली दोन तर डेन्मार्कच्या झेंड्याची. एक संग्रहालयात आहेच, तेव्हा दुसरं घेता येणार नव्हतं.

"आणि चारही घराण्यांत," तेर्पस्ट्रा बुटांकडे बघत म्हणाले, "एकेक वादळ आहे."

वॉब्बेची थोरली बहीण हिस्के देखरेखीला आली होती. "म्हणजे आमचे खापरपणजोबा खोटे?"

"खापरपणजोबा खरे. व्यापारही खरा. जहाज तेवढं दुकानातलं."

इम्कियेने त्यांच्यापुढे बिस्किटांचा डबा धरला. त्यांनी एक घेतलं. पाहुण्याला एकच बिस्किट, या तिथल्या रीतीप्रमाणे आता झाकण लागायचं, पण डबा उघडाच राहिला. हिस्केला जहाजापेक्षा याचाच धक्का जास्त बसला. भावजयीचं काही खरं नाही, असं तिने संध्याकाळी नात्यातल्या तिघींना फोनवर कळवलं.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. जुना चुना मऊ, टाइल्स पावाच्या कापांसारख्या सुटल्या. नातेवाइकांनी वाटून घेतल्या. नावाची टाइल हिस्केने नेली, डोलकाठीवरून दोन पुतण्यांत बोलाचाली झाली. उरली कोपऱ्यातली एक. तिच्यावर साधा पक्षीही नव्हता.

नव्या फ्लॅटमध्ये इम्कियेने ती टेबलावर ठेवली. शेजारीण कॉफीला आली, टाइल उलटीसुलटी करून पाहिली.

"हिच्यावर काहीच नाहीये की."

"आभाळ आहे," इम्किये म्हणाली आणि गरम किटली टाइलवर ठेवली.