माझ्या पडद्यावर थांबलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जालन्याच्या मस्तगडातल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले, तेव्हा दुकानदाराने माझी तोंडभरून स्तुती केली होती. पुढे शीतल नावाच्या गणिताच्या विद्यार्थिनीने मला तीर्थपुरीला, आपल्या घरी नेले. मी सावकाश चालायचो, तापायचो. तरी ती मला कधी घालूनपाडून बोलली नाही.

तिच्या आईने, दैवशालाबाईंनी, मोसंबीची बाग लावली होती. आई वारली आणि दोन वर्षांत बागेच्या एका कडेने मुळे कुजवणारा रोग शिरला. तो मातीतून झिरपत ओळीओळीने पुढे यायचा.

"पुढच्या दोन चांगल्या ओळी उपटून चर खणला तर बाकीची बाग वाचंल म्हणतेत," वडील पुंजाराम म्हणाले. "पर तुझ्या मायच्या हातची झाडं हायेत. खरंच उपटावी लागतील का, तेवढं बघून सांग."

शीतलने बागेचा नकाशा चौकटींत कापला आणि मला समीकरण दिले: रोग किती वाढतो, किती पसरतो. बारीक चौकटी घातल्या तर मला नऊ तास लागणार होते आणि वीज चार तासांत जाणार होती. म्हणून तिने मोठ्या चौकटी घातल्या. तिथेच घात झाला. रोगाची सरकती सीमा दोन झाडांएवढी रुंद, आणि माझी एक चौकट पाच झाडांएवढी रुंद! शेजारून झिरपलेला रोग त्या मोठ्या चौकटीत इतका विरळ व्हायचा, की तो तिथे जम धरायचाच नाही. माझ्या पडद्यावर सीमेची रेघ थांबली.

तिच्या नोमान सरांनी, सीमा अगदी पातळ आहे असे धरून, कागदावरच तिचा वेग काढला होता. "त्या थांबलेल्या रेघेवर जल्दी भरोसा करू नको. रोग महिन्याला एक ओळ चालून राह्यला," ते फोनवर म्हणाले. "बारीक चौकटी घालून बघ." पण पुंजारामांना माझीच रेघ गोड वाटली. शीतललाही. त्या दोन ओळी उपटल्याच नाहीत.

झाडे वरून हिरवी दिसायची, आत मुळे गेलेली. कळले तेव्हा उशीर झाला होता. वर्षभरात सगळी बाग वाळली.

मग शीतलने बारीक चौकटी घातल्या. वीज गेली की थांबत, आली की पुढे, असा मी तीन दिवस चाललो. रेघ सरकली, अगदी सरांनी सांगितलेल्या वेगाने. पुंजाराम ती पाहत राहिले.

"तुझं न्हाई चुकलं, पोरी," ते म्हणाले. "मलाच ते आइकायचं व्हतं."

शीतल ढसाढसा रडली. मला रडता येत नाही, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

आता मी माळ्यावर पोत्याखाली पडून आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांची धूळ पुसा, पण त्याआधी माझे एक ऐका. माझे उत्तर मनासारखे आले, तर त्याच दिवशी चौकटींचा आकार निम्मा करून मला पुन्हा विचारा. वेळ लागला तरी लागू द्या. दैवशालाबाईंनी लावलेल्या झाडांपैकी आज एकही उभे नाही.