ब्रेकचा परिच्छेद

आमच्या मुलाचं, कुशलचं, लग्न २००३ च्या फेब्रुवारीत इंदूरला झालं. त्याच मांडवात, शेवटची पंगत उठत असताना, बळवंतरावांनी मला बाजूला घेतलं. धारच्या आमच्या मराठी मंडळाला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होणार होती. स्मरणिका काढायची ठरली होती आणि संपादक तेच होते.

"मार्तंडा, तूही लिही," ते म्हणाले. "एवढा शिकलास, लोकांना कळू दे."

मी विचारलं, "मानाजीवर लिहू?"

ते पानाला चुना लावत होते. पान दुमडून तोंडात घातलं आणि मग म्हणाले, "लिही की."

मानाजी आमच्या शिफ्टच्या बसचा ड्रायव्हर होता. धारहून पीथमपूरला कामगार नेणारी ती बस कारखान्याची नव्हती, उदाजीराव ठेकेदाराची होती. मी कारखान्यात माल उतरवायचो, बळवंतराव तिथल्याच हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात कारकून होते. बसमध्ये मी इंजिनाच्या बॉनेटवर बसायचो आणि बळवंतराव ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर. १९९२ च्या पावसाळ्यानंतर मानाजीने उदाजीरावांना आम्हा दोघांदेखत सांगितलं होतं, "मालक, ब्रेक उशिरा लागतोय. एक दिवस गाडी उभी करा."

उदाजीराव इंदुरी ढंगात म्हणाले, "भिया, गाडी उभी तर तूही उभा."

सगळे हसले. मानाजीही हसला. त्याच आठवड्यात घाटाबिल्लोदच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. पुढे पुलावर बैलगाड्या होत्या. बॉनेटवरून ड्रायव्हरचे पाय दिसतात. मानाजी पेडल आपटत होता आणि पेडल नुसतं खाली जात होतं. तो ओरडला, "ब्रेक गेला, धरून बसा!" आणि त्याने बस उजव्या हाताच्या मातीच्या दरडीवर घातली. त्याची बाजू चेपली. आमची डोकी फुटली, हात मोडले, पण गेला तो एकटा.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जबाब झाले. मला तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं. मी मराठीत सांगितलं, बळवंतरावांनी ठाण्यातल्या कारकुनाशेजारी, मुन्शीशेजारी, बसून ते हिंदीत लिहून दिलं, मला वाचून दाखवलं आणि मी अंगठा उठवला. वाचलं त्यात ब्रेक होता, पेडल होतं, सगळं होतं. पुढे निकाल आला तेव्हा मात्र चालकाला झोप लागली असं निघालं. मला वाटलं, वर कुठे तरी फिरवलं असेल. गरिबाचं म्हणणं वरपर्यंत जातं कुठे?

मानाजीची बायको, नलिनीवहिनी, धारमध्ये राहू शकली नाही. झोप लागली म्हणजे रात्री पिऊन बसला असणार, असं लोक बोलायला लागले. एका बारशात तर एका बाईने तोंडावर विचारलं, "रोजच घ्यायचे का हो?" वहिनी पाळण्याला हात न लावता उठून आल्या. मग भावाकडे देवासला निघून गेल्या आणि तिथेच एका शाळेत मुलांचा स्वयंपाक करू लागल्या.

पन्नाशी ओलांडल्यावर मी अक्षरं शिकलो ती एवढ्यासाठी, की मी पाहिलं ते एकदा माझ्या हाताने कागदावर यावं. शिकवलं बळवंतरावांनीच. कँटीनच्या टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून ते अक्षर काढायचे आणि मी खाली तसंच काढायचो. पोरंसोरं चिडवायची, "काका, मॅट्रिकला कधी बसताय?" बळवंतराव त्यांच्यावर डाफरायचे. त्या माणसासाठी मी तेव्हा जीव दिला असता. खोटं कशाला लिहू.

लेख लिहायला मला सबंध पावसाळा लागला. माझं अक्षर आमच्या नव्या सुनेला, ऋजुताला, लागेना. ती इंदूरच्या हिंदी शाळेत शिकलेली. मराठी बोलते छान, पण वाचायला बसली की प्रत्येक शब्दापाशी थांबते. तेव्हा मी मोठ्याने वाचायचं आणि तिने कॉम्प्युटरवर टाइप करायचं, असं ठरलं. ब्रेकच्या जागी आलो तेव्हा तिचे हात थांबले.

"बाबा, आप सामने बैठे थे? सच्ची?"

"समोरच. पाय दिसत होते."

तिने पुढचं टाइप केलं. फाइल बळवंतरावांकडे गेली. नोकरी सुटल्यावर ते देवासला राहायला गेले होते, मुलाने घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर सगळ्यांचे लेख तपासायचे.

डिसेंबरात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्यातही जाळं होतंच. डॉक्टरांनी वाचायची मनाई केली होती. हिरवी पट्टी लावून बसलो होतो तेव्हा बळवंतराव देवासहून आले, पिशवीत संत्री आणि माझा छापील लेख घेऊन.

"डोळ्याला ताण नको देऊस. मी वाचतो, तू ऐक," म्हणाले.

त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मानाजीचं गाव, त्याची विनोदी बोलणी, उदाजीरावांचं ते उत्तर, उतार, पेडल, 'धरून बसा'. वाचता वाचता त्यांचा आवाज एका ठिकाणी भरून आला. मीही रडलो, आणि पट्टीखाली पाणी जाऊ नये म्हणून त्यांनीच माझा गाल पुसला. मग माझा हात धरून त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. मी तिथे सही केली. वर त्यांनी लिहिलं, 'वाचले, मान्य.'

जानेवारीत स्मरणिकेचे सगळे लेख एका सीडीवर घालून त्यांनी ऋजुताकडे पाठवले. अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे टाकून तिने ती सीडी छापखान्यात द्यायची होती. फोनवर तिला म्हणाले, "बेटा, लेखांच्या आत काही बघायची गरज नाही. ते सगळं फायनल आहे." तिला मराठी वाचायचा कंटाळा आहे हे त्यांना माहीत होतं.

माझी पट्टी तोवर निघाली होती, नवा चष्मा आला होता. मी बाहेर ऊन खात बसलो होतो. आतून ऋजुताने हाक मारली.

"बाबा, जरा इकडे या. तुमच्या लेखात हे लाल लाल काय आहे?"

पडद्यावर माझा लेख होता आणि त्याच्या मधोमध लाल रेघा. ओळीच्या ओळी लाल रेघेने खोडलेल्या. उजव्या कडेला छोट्या छोट्या चौकटी आणि त्यांत बारीक मजकूर.

"ये वो ब्रेक वाला हिस्सा है ना?" ती म्हणाली. "मला आठवतं, तुम्ही बोलला होतात. पूरा काट दिया."

तिने मला समजावलं. दुसऱ्याच्या फाइलमध्ये फेरबदल करताना त्याची नोंद ठेवायची सोय असते. काढलेलं खोडून दिसतं, घातलेल्याखाली रेघ येते, आणि प्रत्येक फेरबदलावर करणाऱ्याचं नाव राहतं. कडेच्या चौकटीत एकमेकांना शेरे लिहिता येतात. वरच्या पट्टीत 'फायनल' निवडलं की या खुणा दिसेनाशा होतात, पण जात नाहीत. घालवायच्या तर एक एक मान्य किंवा अमान्य करावी लागते. बळवंतरावांनी त्या नुसत्या झाकल्या होत्या. आमच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तशा त्या सगळ्या वर आल्या.

नावं इंग्रजीत होती, ती तिने वाचली. लाल रंग बळवंतरावांचा आणि निळा उदाजीरावांच्या ऑफिसचा. उदाजीराव त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष होते, नवं सभागृह त्यांनी बांधून दिलं होतं. लेख त्यांच्याकडे जाऊन आला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेरे मराठीत होते. ते मी वाचले. ऋजुता बोट ठेवत गेली आणि मी अक्षर लावत गेलो.

निळ्यात होतं, "ब्रेकचा परिच्छेद काढावा. मार्तंड गडबड करेल काय?"

त्याखाली लाल चौकटीत, "काळजी नसावी. जुनी प्रत वाचून दाखवतो आणि नवीवर सही घेतो. ठाण्यातही असंच केलं होतं."

आणि खोडलेल्या परिच्छेदाच्या जागी, खाली लाल रेघ ओढलेलं एक नवं वाक्य होतं. माझ्या लेखात, माझ्या नावाखाली. "मला बॉनेटवरून स्पष्ट दिसले की मानाजींना डुलकी लागली होती."

म्हणजे बारा वर्षं मी समजत होतो तसा निकाल कुणी वर फिरवलेला नव्हता. झोपेचा जबाब माझाच होता. अंगठा माझा होता.

ऋजुता म्हणाली, "बाबा, पाणी आणू?" मी नको म्हटलं. त्या पानाचा, खोडलेलं आणि शेरे दिसतील असा, एक कागद काढून दे म्हटलं. तिने काढून दिला. दुसऱ्या दिवशी मी देवासला गेलो.

बळवंतराव दारात फुलझाडांना पाणी घालत होते. "अरे, ये ये! डोळा कसा आहे?"

मी कागद दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग जवळ घेतला. पाण्याची नळी तशीच वाहत राहिली.

"हे दिसतं अजून?" ते म्हणाले. "मी तर फायनल केलं होतं."

पहिलं वाक्य हे. मी अजून विसरलेलो नाही.

"ठाण्यात काय लिहिलंत?" मी विचारलं.

"आत चल, लोक बघतायत."

"इथेच सांगा."

"मार्तंडा, माझी नोकरी उदाजीरावांच्या शब्दावर होती. टाइम ऑफिसात मला कुणी बसवलं? मानाजी तर गेलाच होता. गेलेल्याला काय फरक पडतो?"

"नलिनीवहिनी गेलेल्या नव्हत्या."

"मी दर दिवाळीला जातो तिच्याकडे. काय हवं नको बघतो. तू किती वेळा गेलास?"

त्यांना तोंड वर करून हे बोलता आलं. मी म्हटलं, "मग मला अक्षरं कशाला शिकवलीत?"

त्यांनी नळी बंद केली. 

"तू मागे लागलास म्हणून," म्हणाले. "मला वाटलं, या वयात काय शिकणार."

मी म्हटलं, परिच्छेद परत घाला आणि ते वाक्य काढा. ते म्हणाले, "तुझी सही आहे. समितीने पास केलंय. आता ते माझ्या हातात नाही." निघताना मागून म्हणाले, "चहा तरी घे." मी मागे बघितलं नाही.

घरी ऋजुताने फाइल उघडूनच ठेवली होती. मी एक एक जागा दाखवली आणि ती एक एक फेरबदल अमान्य करत गेली. लाल रेघ गेली की खालची ओळ काळी होऊन जागेवर बसायची. डुलकीचं वाक्य नाहीसं झालं.

"बाबा, सीडी माझ्याकडेच आहे," ती हळूच म्हणाली. "हीच फाइल छापखान्यात देते. छप जाएगा, तब देखेंगे सब."

मन झालं, नाही असं नाही. पण मला न दाखवता माझं बदललं म्हणून मी पेटलो होतो, तेच मी कसं करणार? मी मंडळाच्या समितीच्या सभेला गेलो. सगळ्यांपुढे तो कागद ठेवला आणि म्हटलं, सही फसवून घेतली आहे, लेख माझा आहे तसा छापा. उदाजीराव म्हणाले, "काका, कॉम्प्युटरमध्ये कुणी काहीही लिहू शकतं. घरात सून कॉम्प्युटरवाली आहे ना तुमच्या?" दोघेतिघे हसले. बळवंतराव तिथेच बसले होते. 'तो शेरा मीच लिहिलाय' एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. ते सभेचा वृत्तांत लिहीत राहिले.

पाडव्याला स्मरणिका निघाली. त्यात तो लेखच नव्हता, ना मी लिहिलेला ना त्यांनी बदललेला. मानाजीचं नाव कुठेच नव्हतं.

मी दोन्ही कागद घेऊन नलिनीवहिनींकडे गेलो. मूळ लेख त्यांना मीच वाचून दाखवला. अडखळत वाचला, पण माझा मी वाचला. नंतर तो लाल रेघांचा कागद पुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी 'धरून बसा' एवढंच दोनदा वाचायला लावलं.

मग म्हणाल्या, "बळवंतभाऊजींना मी दर दिवाळीला अनारसे करते. त्यांना आवडतात म्हणून. बाकी कुणासाठी करत नाही."

त्या रडल्या नाहीत. लाल रेघांचा कागद मात्र त्यांनी ठेवून घेतला.

त्या दिवाळीला बळवंतराव नेहमीसारखे मिठाईचा डबा घेऊन गेले. पुढचं मला वहिनींनी सांगितलं. त्यांनी फराळाचं ताट ठेवलं नाही. पाट दिला, तो कागद हातात दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, एवढं वाचून दाखवा."

त्यांनी सुरुवात केली. लाल रेघ सुरू होते तिथवर वाचलं. मग म्हणाले, "चष्मा विसरलो." चष्मा नाकावर होता. वहिनी म्हणाल्या, "बसा, मला घाई नाही." ते डबा तिथेच ठेवून उठून गेले. पुन्हा आले नाहीत.

नलिनीवहिनी २००५ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, देवासला वारल्या. बळवंतराव २००७ च्या भाद्रपदात वारले.