दुसरा तापलाय

पुनमनं दुसऱ्या रिअ‍ॅक्टरचं थंड पाणी वाढवलं आणि स्क्रीनकडे डोळे लावून बसली. दुपारपासून या दुसऱ्यानं नुसता जीव खाल्ला होता.

चाकणच्या या प्लँटमध्ये ॲक्रिलिक न थांबता शिजतं. पहिल्या रिअ‍ॅक्टरमध्ये पाण्यासारखं पातळ, दुसऱ्यात पाकासारखं, तिसऱ्यात काकवीसारखं. मग त्याचे काचेसारखे दाणे पाडायचे. मधला तापून बिघडला तर सगळा माल आतच थिजतो, मग बसा छिन्नी-हातोडा घेऊन. म्हणून इथला नियम एकच : तापमान ताळ्यावर आल्याशिवाय पॅनलवरचा माणूस उठत नाही, मग घरी कुणीही येवो.

अखेर स्क्रीनवरची रेघ खाली आली, सरळ झाली. पुनमनं सुस्कारा सोडला, तोच टेबलावरचा फोन वाजला. तिनं स्पीकरचं बटण दाबलं. आई होती, तानाबाई.

"पुने, देहूरोडची पाव्हणी येऊन बसलीत. सुटलीस का न्हाई?"

"नोकरीचं काय म्हणाले?"

"पोरगं चांगलं हाय गं. लग्नानंतर नोकरी नको म्हणत्यात, एवढंच."

एवढंच! गावातली एकही पोरगी या खुर्चीपर्यंत पोचली नव्हती, आणि तिला ही खुर्ची जिवापाड आवडत होती. पण पाहुण्यांना तिच्या वडिलांनी, दादांनीच बोलावलेलं. दादांच्या तोंडावर नाही म्हणायची छाती तिला अजून झाली नव्हती.

पुढच्या शिफ्टचा शेखर हेल्मेट काढत दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं असावं.

"आलो मी. जा की आता," तो म्हणाला.

पुनम उठली नाही. "दुसरा अजून ताळ्यावर आला नाही, शेखरभाऊ."

शेखरनं स्क्रीन पाहिली. रेघ दोरी ताणल्यागत सरळ होती. त्यानं पुनमकडे पाहिलं, मग दुसरी खुर्ची ओढून ऐसपैस बसला आणि फोनकडे वाकला.

"काकू, मी शेखर. हिच्यासोबत काम करतो. रिअ‍ॅक्टर तापलाय, हिला सोडता येत नाही."

पलीकडे कपबशांचा आवाज मागे पडत गेला. मग दार लोटल्याचा आवाज आला. तानाबाईंचा आवाज एकदम खाली उतरला.

"व्हय का? मग घाई करू नका, बाबा. ही मंडळी उठंस्तोवर ऱ्हाऊ द्या तापलेला."